उकरलेल्या नदीतली जेट बोट

मित्रांनो, मी एक जुनी जेट बोट आहे आणि मला फार राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली हकिगत सांगताना हळव्या होतात, असा तुमचा समज असेल. मी होणार नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दोघा भावांनी ॲल्युमिनियमचे जाड पत्रे जोडून माझे पोट घडवले. इतर बोटींचा पंखा मागे पाण्यात लोंबतो आणि उथळ जागी गोट्यांवर आपटून मोडतो. माझा पंखा पोटात आहे. खालच्या जाळीतून मी पाणी ओढते आणि मागच्या तोंडातून जोराने फेकते. त्या धारेवरच मी पळते आणि वळते. वीतभर पाणी मला पुरते, पण वेग हवा. वेग सोडला की मी खाली बसते आणि मग वळतही नाही.

मला आत्या चालवत असे. साऱ्या नदीकाठाची ती आत्याच होती. वरच्या अंगाच्या वस्त्यांना रस्ता नव्हता. तिथे ती माणसे, औषधे, गॅसच्या टाक्या पोहोचवायची. कुठे डावीकडे घ्यायचे, कुठे उजवीकडे, सगळे तिला तोंडपाठ होते. "आत्या डोळे मिटूनसुद्धा जाईल," असे लोक म्हणत, तेव्हा माझी छाती फुगायची.

पुढे तिची सख्खी भाची वरच्या वस्तीत नर्स म्हणून आली. आत्याने तिला बोट शिकवायला घेतली. शिकवणे कसले, रोजचे भांडण!

"स्पीड कमी करू नकोस!"

"अगं आत्या, समोर गोटे दिसतायत!"

"म्हणूनच म्हणतेय, कमी करू नकोस!"

भाचीचा हात कचरायचा आणि माझे पोट खरवडून निघायचे. जाळीत खडे अडकायचे. मग दोघी पाण्यात उतरून मला ढकलायच्या आणि घरी पोहोचेपर्यंत एकमेकींशी बोलायच्या नाहीत. वर भाची सारखी विचारायची, "पण वाट इथूनच का?"

"मी सांगते म्हणून!"

एवढ्याने तिचे समाधान होत नसे. ती तासन्‌तास काठावर बसून पाणी पाहायची. हळूहळू तिला उमगले, की पाण्यावर लाटांचे बाण उमटतात. बाणाचे टोक प्रवाहाच्या दिशेला असेल तर मधून वाट असते. टोक उलटे, वरच्या बाजूला असेल तर तिथे खाली खडक दडलेला असतो.

आणि मग ती यंत्रे आली. एका कंत्राटदाराने नदीच्या पात्रातली वाळू आणि गोटे उपसायला सुरुवात केली. आज इथे खड्डा, उद्या तिथे ढिगारा. कालची वाट आज सापडेना. नदी काय कुणाच्या बापाची होती?

एके दुपारी आत्या मला घेऊन खाली निघाली होती. सोबत भाची आणि एक गवंडी होता. नेहमीच्या खोल वळणावर आत्याने मला पूर्ण वेगात घातले. तिथे पाणी नव्हतेच. गोट्यांचा ढीग होता. मी किंचाळत त्यावर चढले. आत्या माझ्या काठावर आपटली आणि तिचा हात कोपराजवळ मोडून लुळा पडला.

"वाट होती इथे!" वेदनेपेक्षा संतापाने ती ओरडत होती. "इतकी वर्षं इथेच होती!"

भाचीने ओढणीने हात बांधला. गवंड्याने आणि तिने जोर लावून मला पाण्यात लोटले, जाळी साफ केली. भाची सुकाणूवर बसली. समोर पाणी चादरीसारखे पातळ पसरले होते.

"डावीकडे घे!" आत्या म्हणाली.

"नाही. डावीकडे बाण उलटा आहे."

"मी सांगते ना!"

"आत्या, तुझी नदी आता राहिली नाही गं. मला बघू दे."

भाचीने वेग वाढवला, अगदी शेवटपर्यंत. एक बाण, दुसरा, मग एक अरुंद, गुळगुळीत पट्टा. एकाही गोट्याने मला शिवले नाही. धक्क्याला लागल्यावर तिने आधी आत्याला उतरवले, दोर गवंड्यालाच बांधावा लागला.

आत्याचा हात जुळला, पण वाकडा. पुन्हा तिने सुकाणू धरले नाही. कंत्राटदार भेटायला आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बोट म्हातारी झाली हो. नवी घ्या."

"हात काढ तिच्यावरून," आत्या म्हणाली.

नंतर वस्तीतली माणसे पात्रात उतरून यंत्रांपुढे उभी राहिली. यंत्रे हलली, ती फक्त पुढच्या वळणापर्यंत. तिथे ती आजही उकरत आहेत. भाची मला रोज त्या बाजूने नेते, आणि रोज तिला नदी नव्याने शिकावी लागते.

मित्रांनो, इंजिनाला तेल घाला, जाळी साफ ठेवा, हे मी काय सांगू? भाची ते सगळे करते. माझ्या पोटावरच्या ठिगळांचीही माझी तक्रार नाही. तुमच्या गावची नदी कुणी उकरत असेल, तर त्याला अडवा. तेवढे होत नसेल, तर कृपा करून माझे कौतुक करायला येऊ नका.