कोपरा फाटलेलं कार्ड

सन चव्वेचाळीसचा दसरा नुकताच होऊन गेला होता. इटलीतल्या एका डोंगरगावात आमच्या तुकडीला एक दिवसाची सुट्टी मिळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आघाडीवर जायचं होतं, म्हणून मी फक्त झोप काढायचं ठरवलं होतं. पण सकाळीच डाक आली आणि नाथाजीच्या नावाचं कार्ड निघालं. त्याचा एक कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडं मरणाची खबर कार्डाचा कोपरा फाडून धाडतात, म्हणजे निरक्षरालाही हातात घेताच कळतं. नाथाजी खंडाळ्याकडचा, घरी फक्त म्हातारी आई. त्यामुळं कोण गेलं हे विचारायची सोयच उरली नाही. मी आष्ट्याच्या शाळेत चौथी झालेला, सगळ्यांची पत्रं मीच वाचायचो. मी हात पुढं केला, तर त्यानं कार्ड खिशात घातलं.

"सांच्याला वाच, लाला," तो म्हणाला. "आजचा दिस निवांत जाऊ दे."

मला रागच आला. असलं कार्ड खिशात ठेवून माणूस निवांत बसतो कसा? पण तो बसला. ओढ्यावर जाऊन डोक्यावरनं अंघोळ केली. ती सुतकाची की सुट्टीची, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मग एका म्हातारीच्या अंगणात आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो. तिनं ओंजळभर सुके अंजीर दिले. नाथाजी एकेक अंजीर पाव तास चघळत होता. तिची शेळी समोरचं गवत खात होती, तेच आम्ही दुपारभर बघितलं. महिनोन्‌महिने चालून माझे पाय इतके आंबले होते की उठायचं म्हटलं तरी रडू यावं. नाथाजी मात्र इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. बसल्याबसल्या तो चक्क घोरला.

ऊन उतरलं तसं त्यानं कार्ड माझ्या हातात दिलं. मी वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. गावच्या मास्तरांनी आईच्या वतीनं लिहिलं होतं. त्याची आई मनुबाई ठणठणीत होती, म्हैस व्याली होती, आई तुझी वाट बघते, असा निरोप होता. कोपरा कुठं तरी वाटेत, डाकेच्या थैल्यांत फाटला असणार.

मला हसू फुटलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो हसला नाही.

"सकाळधरनं भ्या वाटत न्हवतं रं," तो म्हणाला. "वाट बघणारं कुणी ऱ्हायलं न्हाई, उद्या गोळी लागली तर लागली, असं वाटलं. आता परत भ्या वाटाय लागलं."

चहाचा मग आला, पण तो त्याला धरवेना. मीच धरला, आणि तो थोडा थोडा प्यायला.