शुक्रवारची पितळी घंटी

मी एक पितळी घंटी. कोपनहेगनच्या संसदेत, युरोपचे प्रश्न पाहणाऱ्या समितीत, अध्यक्षबाईंच्या उजव्या हाताशी असते. खरं सांगू? आता वाजायचाही कंटाळा येतो हो!

आमची रीत साधी. ब्रुसेल्सला युरोपच्या बैठकीला जाण्याआधी मंत्र्याने शुक्रवारी इथे यायचं, तिथे काय बोलणार ते सांगायचं. बहुमत विरोधात नसेल तर बाई मला वाजवतात आणि मंत्री सुटतो. गप्प बसलात की होकार धरला जातो, आणि गप्प बसण्यात आमची मंडळी पटाईत! कागदांचा ढीग, गार झालेली कॉफी, सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. न दिलेले कितीतरी होकार मी वाजवलेत.

एका शुक्रवारी मंत्री थोर्किल म्हणाले, "वाम मासा धरणं कायमचं बंद करायचं घाटतंय. आपण हो म्हणावं म्हणतो."

म्हातारा खासदार अस्गेर ताडकन उठला. तो एका बेटावरचा. त्याचा भाऊ अजून वाम धरतो, गावात तेवढाच धंदा उरलाय. "अरे, मासा कमी झालाय ते आम्हाला दिसत नाही का? हंगाम कमी करा, पण कायमचं बंद नको!"

"अस्गेर, तुझं हे भाषण आता आम्हाला तोंडपाठ झालंय," विरोधी पक्षाची विबेके बॅग आवरत म्हणाली.

"आणखी कुणी?" अध्यक्ष रिग्मोरबाईंनी विचारलं. सगळे गप्प. त्यांनी मला उचललं.

"बाई, ठेवा ती खाली!" अस्गेर म्हणाला. "माझ्या गावाला बुडवायचं तर बुडवा. पण एकेकाने तोंड उघडून सांगा."

बाईंनी मला खाली ठेवलं. विबेकेने सुस्कारा सोडला. "वाचलंच नाही रे मी. थांब जरा." तिने खरंच वाचलं. मग म्हणाली, "आमचा पक्ष विरोधात." मागोमाग आणखी दोन पक्ष बोलले आणि पारडं फिरलं. थोर्किलना बजावलं गेलं, बंदीला नाही म्हणायचं आणि छोटा हंगाम मागायचा.

पुढच्या शुक्रवारी ते परतले. चेहरा उतरलेला. "सांगितलंत तसंच बोललो. बाकीचे देश हो म्हणाले. हरलो."

अस्गेरने पिशवीतून भावाने पाठवलेली, धुरी दिलेली वाम काढली, शेवटची. काळ्या पावावर तुकडे ठेवले आणि पहिला थोर्किलपुढे धरला.

"खा. आमचं म्हणणं तिथे मांडलंस तरी."

सगळ्यांनी खाल्लं. पुढचा विषय कसल्याशा खतांचा होता. थोर्किल निघाले होते, दुसरा मंत्री आला, बोलला. बाईंचा हात सवयीने माझ्याकडे आला. बोटांना माशाचं तेल लागलेलं होतं.

बाई, माझं आता वय झालं. एवढंच करा, वाजवण्याआधी पुन्हा एकदा विचारा, आणखी कुणी आहे का?

बाईंनी मला उचललं. आणि वाजवलं.