चार नंबरची गाडी

घरात आई, वर्गात बाई. हा नियम आईनेच घातला होता. शाळेच्या शेवटच्या वर्षी मी आईकडेच मेकॅनिक्सचा, म्हणजे गतिशास्त्राचा, वरचा वर्ग घेतला तेव्हा तो माझ्या इतका अंगवळणी पडला, की एकदा जेवताना मी तिलाच म्हटलं, बाई, मीठ द्या. तिने मीठ दिलं आणि म्हणाली, इथे प्रात्यक्षिक नाही, अहो-जाहो नको.

तिच्या वर्गाची एक रीत होती. 'आधी सांगा, मग सोडा.' गोळा असो, लंबक असो, काहीही हातातून सुटण्याआधी पुढे काय होणार ते मोठ्याने सांगायचं. चुकलं तरी चालेल, गप्प राहिलेलं चालणार नाही. माझं सहसा चुकत नसे. पुढे हाच विषय घ्यायचा, हे माझं तेव्हाच ठरलं होतं आणि त्यासाठी प्रात्यक्षिकाचे गुण लागणार होते.

परीक्षेचा प्रयोग साधा होता. रुळावर छोटी गाडी, तिला दोरा, दोरा कप्पीवरून खाली आणि टोकाला वजन. वजन वाढवत जायचं, गाडीचा वेग कसा वाढतो ते मोजायचं, आलेख काढायचा. घर्षण भरून निघेल एवढा उतार बाईंनी सगळ्यांच्या रुळांना सारखाच देऊन ठेवलेला असे. त्याला हात लावायचा नाही. गाड्यांसाठी चिठ्ठ्या उचलायच्या. त्या वर्षी मात्र बाईंनी गाड्या स्वतः वाटल्या. माझ्या वाट्याला चार नंबर आली.

माझ्या आलेखाची रेषा शून्यातून जायला हवी होती, ती काही केल्या जाईना. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी हात वर करून म्हटलं, गाडी अडतेय, बाई. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

वर्ग हसला. मीही हसले. बाहेरून आलेले परीक्षकसुद्धा हसले आणि त्यांनी मला नापास केलं. घरी मी पुन्हा विचारलं, तेव्हा आई टॉवेलला हात पुसत होती. म्हणाली, "तुझा हात घाई करतो. सोडताना मागे खेचतेस."

मी विश्वास ठेवला. मी भाषेकडे वळले. आता लोकांची पुस्तकं छापण्याआधी तपासते. काम आवडतं, तक्रार नाही. पण अजूनही कप टेबलावर ठेवला की नजर आधी स्वतःच्या हाताकडे जाते.

गेल्या महिन्यात आई गेली. शाळेने प्रयोगशाळेतच शोकसभा ठेवली. मी लवकर पोहोचले. प्रयोगशाळेचे काका, आता निवृत्त झालेले, बाकं सरळ करायला मुद्दाम आले होते. मला पाहून त्यांचे डोळे भरले आणि ते बाईंचं कौतुक सांगू लागले. माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी एका गाडीचा कणा मोडला. कपाटात राहिली होती फक्त चार नंबर, बेअरिंग गेलेली, कधीच काढून टाकलेली. काकांनी परीक्षा पुढे ढकला म्हणून सांगून पाहिलं. परीक्षक परत कधी येतील याचा भरवसा नव्हता.

"बाई म्हणाल्या, कुणाला तरी ती द्यावीच लागणार. दुसऱ्याच्या लेकराचं नुकसान कशाला? माझीला मी समजावेन." काकांनी चष्मा पुसला. "तुला त्यांनी सांगितलंच असेल म्हणा."

मी हो म्हटलं.

सभेत मुख्याध्यापकांनी त्यांची नेहमीची गोष्ट सांगितली. पोटची मुलगी नापास झाली, पण बाईंनी झुकतं माप दिलं नाही. ही गोष्ट मी आईच्या निवृत्तीच्या समारंभातही ऐकली होती आणि तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. ती मान खाली घालून ऐकत होती. मी त्याला विनय समजले होते.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी काकांकडे चार नंबर मागितली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग कपाटातून ती काढून दिली. मी ती सपाट रुळावर ठेवली. पुढच्या रांगेत यंदाची मुलं बसली होती.

"आधी सांगा," मी म्हटलं.

एक वेणीवाली मुलगी म्हणाली, हलकासा धक्का दिला तरी टोकापर्यंत जाईल. मी धक्का दिला. गाडी अर्ध्यावरच थांबली.

मुलगी अवघडली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचा हात मागे गेला."

आईने शिकवलेलं अजून तिथे शिकवलं जात होतं.

"तू ढकल."

तिने ढकलली. गाडी पुन्हा थांबली. या वेळी मुलीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं नाही. गाडी उचलून उलटी केली, बोटाने चाक फिरवलं आणि कान जवळ नेला.

"चाक अडतंय," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "माझ्या परीक्षेतही अडत होतं. बाईंना माहीत होतं."

आणखी बरंच सांगण्यासारखं होतं. आई मला समजावणार होती, हेही. मी जागेवर जाऊन बसले. काका खिडकीबाहेर पाहत होते. मुख्याध्यापकांनी टाळ्यांसाठी हात उचलले होते, ते तसेच अर्ध्यावर थांबले.