नको म्हणणारा माणूस

साडूनं नकाशा पुन्हा माझ्या पलंगावर पसरला आणि मी पाय जवळ घेतले. नदीकाठचं जुनं गाव, वर किल्ला, खाली जुन्या वस्तूंचा बाजार. आठवडाभर तो रोज संध्याकाळी येऊन हेच दाखवत होता. काल त्याला नदी दिसणारी खोली हवी होती, आज किल्ला दिसणारी. दोन खोल्या कशाला, एकीतच तिसरी गादी टाकून घेऊ, हेही त्यानं परस्पर ठरवलं होतं. तिसरी गादी म्हणजे मी.

ही सहल मुळात माझ्या बायकोनं काढलेली. आम्ही चौघं जाणार होतो. तिला तिथून पितळी चौकटीचा आरसा आणायचा होता. त्याआधीच ती गेली, आणि मला घराबाहेर काढायचंच असं साडू आणि मेहुणी ह्या दोघांनी मनावर घेतलं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अडकलेल्याला असं खेचून काढत नाहीत, आधी त्याच्याशी बोलतात. पण इथं माझं ऐकतंय कोण.

"भावजी, ताईचा आरसा मी घेते," मेहुणी म्हणाली. "तुम्ही फक्त नेहमीसारखं नको म्हणा."

बायकोला एखादी वस्तू आवडली की ती भाव विचारायची, आणि मी तोंड वाकडं करून, "नको, चल," म्हणत दुकानाची पायरी उतरायचो. दुकानदार भाव खाली आणायचा. मी पुन्हा नको. मनासारखा भाव आला की ती म्हणायची, "बांधा." त्यानंतर मी एक शब्द बोलायचो नाही. आमचं अर्धं घर असंच आलेलं.

साडूला हुरूप आला. त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढून मध्ये ठेवलं. हा आरसा, मी दुकानदार, एकदा तालीम करून बघू, म्हणाला. मेहुणीनं भाव विचारला. त्यानं तोंडाला येईल तो सांगितला.

"नको," मी म्हणालो.

"वा साडूभाऊ, जमलं की," म्हणत त्यानं भाव उतरवला.

"मी खरंच सांगतोय. मला यायचंच नाही."

असा नट घरात असून आम्हाला पत्ताच नव्हता, असं म्हणून त्यानं आणखी उतरवला. मी जितका चिडत गेलो, तितकं स्टूल स्वस्त होत गेलं. शेवटी तो म्हणाला, न्या बाबा फुकट, पण शेजारच्या दुकानात बोलू नका.

हसता हसता मेहुणी बोलून गेली, "बांधा."

आवाज हुबेहूब तोच. शेवटचं अक्षर जरा ओढलेलं. दोघी एकाच घरात बोलायला शिकलेल्या, तिचा तरी काय दोष. आणि मी गप्प झालो. त्या शब्दानंतर नको म्हणायची मला सवयच नव्हती.

साडू खूश होऊन नकाशाची घडी घालू लागला.

"तुमच्याबरोबर येतो मी," मी मेहुणीला म्हणालो. "पण तिथं तो शब्द म्हणू नका."

कुठला शब्द, असं साडूनं विचारलं. तिनं विचारलं नाही.

"मग काय म्हणू, भावजी?"

"काही म्हणू नका. पैसे द्या आणि आरसा उचला."

तिनं मान हलवली. मग उठून तिनं ते स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि कुठं आपटू न देता कोपऱ्यात नेऊन ठेवलं.