हँडलची गाडी

तिचं खरं नाव देवकी. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुनी शुक्रवारी या मोहल्ल्यातल्या त्या घरात ते तुम्हाला कोणी सांगणार नाही. लग्न करून ती नत्थूजींच्या घरी आली तेव्हा सासूने उंबरठ्यावरच तिचं नाव पार्वती ठेवलं. नत्थूजी बिजवर. पहिली बायको विषमज्वराने गेलेली, तिचं नाव पार्वती. तिच्या रुखवताच्या भांड्यांवरच घरचा धंदा सुरू झालेला. लग्नाकार्याला सतरंज्या, कनाती, स्वयंपाकाचे मोठे गंज, पराती भाड्याने द्यायच्या. दुकानावर पाटी 'पार्वती बिछायत केंद्र' आणि भांड्याभांड्यावर कोरलेलं 'सौ. पार्वती'. "आता एवढी भांडी कोन कोरत बसते बाप्पा, नाव तेच राहू द्या, सोय झाली," असं सासू म्हणाली आणि जमलेल्या बाया हसल्या. म्हातारी वाईट नव्हती हो, काटकसरी होती. पण भिवापूरहून आलेल्या एका पोरीला भांड्यांच्या सोयीने नाव मिळावं, हे काही बरं झालं नाही. म्हणून या गोष्टीत तरी ती देवकीच.

नाव पहिलीचं, पलंग पहिलीचा, पाटा-वरवंटा पहिलीचा, नथसुद्धा पहिलीची. देवकीने सगळं निमूट वापरलं, घासूनपुसून नीट ठेवलं. एक गोष्ट मात्र तिच्या मनात रुतून बसली होती. नत्थूजींनी तिला पार्वती म्हणून कधी हाक मारली नाही. देवकी म्हणूनही नाही. अवं, पानी दे. अवं, गंज मोजून ठेव. आता 'अवं' काय, आपल्याकडे सगळ्याच बाया असतात. पण देवकीने मनाशी पक्कं धरलं होतं, की ते नाव नवऱ्याने पहिलीसाठी जपून ठेवलं आहे. म्हणजे उष्टं नावसुद्धा आपल्या वाट्याला पुरतं आलं नाही. हे ती कोणाजवळ बोलली नाही. बोलणार कोणाजवळ? सासू गेली, पोरगी तारा लग्न होऊन भंडाऱ्याला गेली, आणि घरात भिंती उरल्या.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात नोंदवून ठेवलेल्या नव्या टेंपोचा नंबर लागला. इतकी वर्षं माल बैलांच्या बंडीतून जायचा, मग बैल विकले आणि भाड्याच्या गाड्या आल्या. आता घरची गाडी येणार, तीही कोरी, कारखान्यातून थेट. देवकीला सणाला लुगडं आलं तरी एवढा आनंद होत नसे. कोऱ्या पत्र्यावर पहिलं कुंकू आपल्या हाताचं लागेल, आपल्याआधी त्या गाडीला या घरातल्या कोणाचा हात लागलेला नसेल, एवढंच तिच्या डोक्यात. सकाळपासून तिने ताट तयार करून ठेवलं होतं. नारळ, हळदकुंकू, निरांजन, सगळं.

दुपारी धाकटा दीर देवराव एकटाच सायकल रेटत आला. चेहरा उतरलेला.

"वहिनी, दादाचं डोस्कं फिरलं," तो म्हणाला. "चांगला नवा टेंपो समोर उभा. दादा त्याच्याभोवती फिरला, अंदर वाकून पाह्यलं, अन् म्हने मले नाई पायजे. तसाच कामठीले गेला. तिथं आरामशीनवाल्याजवळ मिलिटरी डिस्पोजलची एक पिकप पडून होती. तीच घेऊन येऊन राहिला."

"जुनी?"

"लढाईतली, वहिनी. माझ्या वयाची असन."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी धडधड झाली. आली महाराणी. वरून हिरवा रंग, पण जागोजागी पोपडे गेलेले. नाक लांब, बॉनेट उंच, पाठीमागे लाकडी फळ्यांचा हौदा, आणि दार उघडलं की आरामशीनवरचा लाकडाचा भुसा सांडायचा. सेल्फ-स्टार्टर कधीच गेलेला. समोर वाकून लोखंडी हँडल फिरवायचं तेव्हा ती चालू व्हायची. सगळी गल्ली बघायला बाहेर आली आणि नत्थूजी जावई आल्यासारखे खाली उतरले.

देवकीने ताट उचललं आणि परत देवघरात नेऊन ठेवलं.

"अवं, ओवाळत नाई का?" नत्थूजी मागोमाग आत आले.

"मले वाटलं होतं," ती आवाज न चढवता म्हणाली, "का ह्या घरात एक तरी वस्तू माझ्याआधी कोनी वापरलेली नसन. एकच. तेवढंही तुमाले जमलं नाई."

नत्थूजी उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, "लोखंड लय पक्कं हाय तिचं."

घ्या. बायकोच्या डोळ्यात पाणी आणि हा गृहस्थ लोखंडावर बोलतो. अशा माणसाला काय म्हणावं, सांगा. त्या दिवसापासून देवकीने गाडीकडे पाहणं सोडलं. अंगणातून जाताना पदर सावरून अशी वळसा घालून जायची, जणू तिथे कोणाची म्हैस बांधली आहे.

गाडीची तऱ्हा अशी होती की ती एकट्या माणसाच्या हातची नव्हती. एकाने समोर हँडल मारायचं आणि इंजिनाने पकड घेतली की त्याच घटकेला दुसऱ्याने आत बसून पायाने रेस द्यायची. जरा उशीर झाला की बंद. नत्थूजी हँडल मारायचे आणि देवराव आत बसायचा. असे बरेच दिवस गेले.

मग कोराडीच्या कॉलनीतल्या एका लग्नाचा माल निघाला आणि नेमका त्याच दिवशी देवराव मौद्याला सासरी अडकला.

"अवं," नत्थूजी स्वयंपाकघराच्या दारात आले. "चालतं का? रेस द्याले कोनी नाई."

देवकीला नाही म्हणायचं होतं. पण तिकडे कोणाच्या तरी पोरीचं लग्न, मांडवात पंगतीला पराती नाहीत, हे तिच्या जिवाला पटेना. तिने चपला घातल्या. नत्थूजींनी पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. तिला पहिल्याच झटक्यात जमलं, आणि जमलं याचा तिला रागही आला.

ती सरकून खिडकीशी बसली. सीट एकसलग, या दारापासून त्या दारापर्यंत, तिघं आरामात बसतील अशी. सदरची वस्ती मागे पडली, मानकापूर गेलं. कोळशाचे ट्रक समोरून धूळ उडवत येत होते. मागे गंज एकमेकांवर आपटत होते. देवकी तोंड बाहेर करून बसली होती.

"नव्या टेंपोत एकच शीट होती," नत्थूजी एकाएकी म्हणाले. नजर रस्त्यावर.

"तं?"

"डायवरपुरती. बाकी सगळी जागा मालाची." त्यांनी गिअर बदलला. "बंडी होती तवा तू संगं येत होतीस. आचाऱ्याशी भांडत होतीस, पराती मोजून घेत होतीस. वापस येताना बोरं खात होतीस. भाड्याच्या गाड्या आल्या अन् तुले जागा राहिली नाई. आता तारा गेली. मी दिवसभर मालावर अन् तू घरी भिताडाशी बोलून राहिली. मी टेंपोत वाकून पाह्यलं, म्हटलं, इथं हिले कुठं बसवू?"

देवकीने तोंड बाहेरच ठेवलं. पण आता तिला बाहेरचं काही नीट दिसत नव्हतं.

"मंग हे त्या दिवशी काहून नाई सांगतलं?"

"सांगाले गेलो तं लोखंड निघालं तोंडातून."

तिला हसू आलं. ते तिने पदराआड केलं. मन थोडं हललं, हे खरं. पण सल होता तिथेच होता. सोबत हवी असते माणसाला, ती कोणाचीही चालते. आपलीच हवी होती का, हे तिला कसं कळावं?

कोराडीला माल उतरला. मांडववाल्यांनी भराभर कनाती बांधल्या, देवकीने सवयीने पराती मोजून दिल्या, आणि एका आचाऱ्याशी थोडं भांडूनही घेतलं. तोवर बँडचा आवाज जवळ आला. नवरदेव निघाला होता आणि यांची पिकप मांडवाच्या दारातच आडवी उभी. हटवा, हटवा, अशी ओरड सुरू झाली. देवकी घाईने चढून आत बसली. नत्थूजींनी हँडल लावलं. समोर ते उंच बॉनेट, त्याच्याआड नत्थूजी, म्हणजे तिला फक्त त्यांची टोपी दिसत होती, कधी वर, कधी खाली.

"अवं, रेस दे," नत्थूजी ओरडले.

दारात कुंकू घेऊन उभी असलेली एक मावशी वळली. "मले म्हनून राहिले का?" पलीकडे पाणी वाटणारीनेही मान वर केली. सगळ्याच अवं. जिला म्हटलं त्या देवकीला बँडच्या गोंगाटात वाटलं, ते कुंकूवालीशी बोलतायत. इंजिन बंद. पुन्हा हँडल, पुन्हा 'अवं', पुन्हा बंद. बाया हसायला लागल्या. वरात कोपऱ्यावर आली. नत्थूजींची पाठ घामाने भिजली. त्यांनी सगळा जीव लावून हँडल फिरवलं, इंजिनाने पकड घेतली, आणि ते ओरडले, "देवकी, रेस दे. देवकी!"

बँडवाले तेवढ्यात श्वास घ्यायला थांबले होते. नाव साऱ्या मांडवाने ऐकलं.

देवकीचा पाय रेसवरून सुटला. इंजिन अर्थातच बंद पडलं.

नत्थूजी धापा टाकत खिडकीशी आले. "काहून पाय काढला वं?"

"तुमी काय म्हनलं?"

"रेस दे म्हनलं."

"त्याच्या अगोदर."

नत्थूजींनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. माणूस पन्नाशीचा, पण कान लाल झाले होते. "तुझं नाव म्हनलं."

"तुमाले याद होतं?"

"पाह्याले आलो होतो तुमच्याकडं भिवापूरले, तवा तुझ्या काकानं आवाज देल्ला होता, देवकी, पानी आन. तवापासून कानात हाय."

"मंग एवढी वर्षं?"

"माय होती. तिनं एक नाव ठेवलं, तिच्यापुढं दुसरं घ्याची हिंमत नाई झाली. माय गेली तवा सवय होऊन गेली होती, लाज वाटे." ते थांबले. मागून कोणीतरी हॉर्न दाबत होतं. "अन् तिच्या नावानं तुले हाक मारली असती, तं ओ कोनी देल्ली असती? ते बाई गेली. तुले काहून तिच्यात ढकलू?"

देवकी स्टिअरिंग धरून बसली. इतकी वर्षं तिने जे पहिलीसाठी जपलेलं समजलं होतं, ते तसं नव्हतंच. तिच्यावर पहिलीचं नाव पडू नये म्हणून हा माणूस दोन्ही नावं गिळून बसला होता, आणि त्या जागी 'अवं' म्हणत राहिला होता. तिला रडू येत होतं आणि त्या वेंधळ्यावर माया दाटून येत होती. कोणतं आधी करावं हे तिला कळेना.

"चाल, लोक खोळंबून राहिले," नत्थूजी म्हणाले आणि बॉनेटच्या आड गेले. टोपी खाली गेली, वर आली. इंजिनाने पकड घेतली.

"देवकी, रेस दे!"

ऐकू स्वच्छ आलं होतं. पायही नेमका जागेवर होता. तरी तिने तो अलगद वर उचलला. इंजिनाने एक आचका दिला आणि गाडी थंड झाली. बॉनेटच्या कडेने नत्थूजींनी घामाघूम तोंड बाहेर काढलं.

"आता काय झालं?"

"काई नाई," देवकी खिडकीतून म्हणाली. "मले नीट ऐकू नाई आलं. पुन्हा मारा हँडल."