बोटभर काळं ग्रीस

मी एक जुना दांडा आहे, मोटारसायकलच्या गिअरपेटीतला. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, कारण माझा सगळा जन्म त्या अंधाऱ्या पेटीत गेला. माझ्या टोकाला उभ्या खाचा आहेत. त्यांवर क्लचची चकती बसते आणि इंजिनाचा जोर तिच्यातून माझ्यात येतो. खाचा कोरड्या राहिल्या तर गंज चढतो. जास्त ओल्या झाल्या तर काय होतं, तेच तर सांगायचं आहे.

माझी गाडी फौजेची. लिलावात निघाली तेव्हा हंबीररावांनी घेतली. ते फौजेत गाड्या दुरुस्त करायचे आणि नुकतेच निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी आले होते. आधी त्यांनी मला पिवळं ग्रीस लावून पाहिलं. ते तापून वितळलं. मग कुपवाडच्या एका कारखान्यातल्या मित्राकडून त्यांनी काळं, चिकट ग्रीस आणलं. कितीही तापलं तरी ते जागा सोडत नसे. तेसुद्धा ते बोटाच्या टोकावर मावेल एवढंच लावत आणि उरलेलं पुसून घेत. माझे फार लाड झाले, खोटं कशाला बोलू?

त्यांच्या वडिलांना, आकाराम आबांना, ही कंजुषी वाटे. आबांनी जन्मभर बैलगाडीनं ऊस वाहिला होता. एरंडेल आणि काजळीचं वंगण ते आसाला मूठभर लावत. कुरकुरणारी गाडी म्हणजे मालकाची लाज, असं त्यांचं म्हणणं.

चौऱ्याहत्तर साली आबांची लेक बनुबाई हिला पाचगणीच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. सोमवारी दुपारच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. घराण्यात शिकलेली ती पहिलीच मुलगी. मी तुला गाडीवरून नेतो, असं हंबीररावांनी कबूल केलं आणि आदल्या दिवशी मला खोलून साफ केलं.

ते जेवायला गेले तेव्हा आबा माझ्यापाशी आले. हातात वंगणाचा बांबूचा नळा होता. "माजी बनू बसनार हाय रं तुज्यावर," असं हळूच म्हणाले आणि चकतीच्या भोकात बोटांनी वंगण ठासून भरलं. बाहेर सांडलेलं धोतराच्या सोग्यानं पुसलं. गाडी पुन्हा जोडताना हंबीररावांना काहीच दिसलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण त्या हाताची माया मला कळत होती.

वाईपर्यंत सगळं ठीक होतं. पसरणीचा घाट लागला, मी तापलो, वंगण पातळ झालं, चकतीवर उडालं आणि चकती घसरू लागली. इंजिन ओरडत राहिलं, चाक मात्र हलेना. जळक्या एरंडेलाचा वास सुटला. बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. तो वास त्यांच्या बैलगाडीचा होता.

"आबांना बोलू नगंस हां, दादा," बनुबाई म्हणाली. चपला हातात घेतल्या आणि ती आडवाटेनं घाट चढू लागली. हंबीरराव माझ्यापाशी बसून राहिले. ऊन डोक्यावरून कललं तरी त्यांनी भाकरी सोडली नाही. संध्याकाळी ती हसतच उतरली. गुडघ्यापर्यंत धूळ होती, पण जागा मिळाली होती. उतारावर गाडी वाईपर्यंत नुसती घरंगळत आली, तिथं हंबीररावांनी चकती पुसली आणि आम्ही हळूहळू गाव गाठलं.

घरी आबा दारातच उभे होते. गाडी कशी चालली, त्यांनी विचारलं.

"लय झ्याक चालली, आबा," बनुबाई म्हणाली.

आबा माझ्याजवळ वाकले आणि तसेच थांबले. ज्याच्या हाताला जन्मभर एरंडेलाचा वास, त्याला काय लपवायचं? त्यांनी लेकीच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि ते आत गेले.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो, पण खाचा अजून शाबूत आहेत. तुम्हीही आपल्या वस्तूंना जपा. पण माया करायची म्हणून मूठ भरण्याआधी, त्या वस्तूला काय आणि किती लागतं ते विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नसतो, हे मला आबांनीच शिकवलं. पुढच्या रविवारी हंबीररावांनी मला पुन्हा खोललं, तेव्हा आबा हात स्वच्छ धुऊन आले, शेजारी उकिडवे बसले आणि एकच बोट पुढं केलं.

"किती लावायचं," ते लेकाला म्हणाले, "त्ये आता तूच सांग, बाबा."