सव्वा वाजताचा चोर

“परत तेच,” वायरमन म्हणाला आणि वायफायचा डबा टेबलावर आपटता आपटता राहिला.

दोन महिन्यांत या घरी चौथी खेप. लिफ्ट नाही आणि गुडघे पन्नाशीचे. प्रत्येक वेळी त्याने नेटवर्कला नवं नाव द्यावं, एन्क्रिप्शनचं नवं सांकेतिक कुलूप लावावं, बारा अक्षरी पासवर्ड घालावा, आणि आठवड्याभरात ये रे माझ्या मागल्या. नेट बंद, आणि वायफायला पुन्हा डब्याखालच्या चिठ्ठीवर छापलेलं मूळ नाव आणि मूळ पासवर्ड. वीस वर्षं त्याने गच्च्यांवरून तारा ओढल्या होत्या. तार तुटली तर निदान तुटलेली दिसायची. या बिनतारी कारभारात चिडायचं कुणावर, तेही कळत नसे.

काका खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. तक्रार त्यांचीच. आपलं नेट कुणीतरी चोरतंय असं त्यांनी ऑफिसात इतक्यांदा कळवलं होतं, की साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, पाचव्यांदा त्या घरून फोन आला तर तुम्ही गोदामात.

“काका, डब्याला कुणी हात लावतं का?”

“मी तर लावत नाही. तुम्ही चोराचं बघा. रोज सव्वा वाजता येतो, पाच मिनिटं राहतो. चांगलं पक्कं कुलूप लावा.”

“दोन महिने तेच करतोय हो मी.”

आज त्याने नवा डबाच आणला होता. जुना काढताना फळीवर मागे केसांतला आकडा सापडला, एक टोक सरळ केलेला. डब्याच्या पाठीला बारीक भोक असतं. त्यात टोक खुपसून दहा सेकंद धरलं की सगळी सेटिंग पुसली जाते. वायरमनने आकड्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. पाणी कुठे मुरतंय ते कळलं आणि त्याचं डोकंच फिरलं.

पाणी प्यायचं निमित्त करून तो आत गेला. “काकू, हा तुमचाच ना?”

काकू भांडी घासत होत्या. त्या जराही ओशाळल्या नाहीत. “ठेवा तिथे. नव्या डब्यालाही भोक आहे ना?”

“अहो, माझ्या नोकरीशी खेळ चाललाय तुमचा.”

काकूंनी हात पुसले आणि फोन उघडला. वायफायला कुणाकुणाचे फोन जोडलेत ती यादी पहिल्या खेपेला त्यानेच काका-काकूंना दाखवली होती, चोर ओळखता यावा म्हणून.

“चोर मी त्याच दिवशी ओळखला. आमचा धाकटा आहे. मी त्याला ढब्बू म्हणायचे, फोनला तेच नाव ठेवलंय त्यानं. दीड वर्षापूर्वी ह्यांच्याशी भांडून गेला, तो पुन्हा वर आला नाही. खालच्या थांब्यावर रोज बस बदलतो. त्याच्या फोनात चिठ्ठीवरचाच पासवर्ड आहे, आपोआप जोडला जातो. त्याला माहीतही नसेल. बरा आहे, कामावर जातोय, एवढंच कळतं मला. तुम्ही पासवर्ड बदलला की तेवढंही जातं.”

“मग काकांना सांगा ना सरळ.”

“या घरात त्याचं नाव काढायची सोय नाही.”

वायरमन चरफडत बाहेर आला. नव्या डब्यात त्याने नवं नाव घातलं, नवं एन्क्रिप्शन लावलं. मग त्याच डब्यात पाहुण्यांसाठीच्या दुसऱ्या नेटवर्कचा रकाना उघडला आणि जुन्या डब्याखालची चिठ्ठी बघत एकेक अक्षर टिपलं. जुनंच नाव, जुनाच पासवर्ड. एन्क्रिप्शनही जुनंच ठेवलं, पोराच्या फोनाला नवं ओळखता येणार नाही म्हणून. घरच्या मुलाला पाहुण्यांच्या रकान्यात बसवायचं, याचाही त्याला राग आला.

“झालं, काका. चोर बंद,” तो धडधडीत खोटं बोलला.

काकांनी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं. “म्हणजे आता वर येईल?”

“कोण?”

“ढब्बू. पासवर्ड मागायला.” काका खिडकीकडे बघत म्हणाले. “आयतं जोडलं जातंय तोवर कशाला चढेल जिने?”

वायरमनने कपाळावर हात मारला. एकाच पोरासाठी एक जण कुलूप लावतोय, दुसरी काढतेय, आणि जिने मी चढतोय.

“काकू, फोन घेऊन बाहेर या,” त्याने हाक मारली. “आणि काका, मी खोटं बोललो. काहीच बंद केलेलं नाही.”

काकू येऊन काकांशेजारी उभ्या राहिल्या. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, यादीकडे बघत होते. सव्वाला ढब्बू हे नाव उमटलं.

“अहो, खिडकीखाली उभा आहे तुमचा मुलगा,” वायरमन वैतागून म्हणाला. “एन्क्रिप्शन कसलं लावून घेताय माझ्याकडून? हाक मारा.”

काका उठले. खिडकीचा गज धरून त्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खाली बस आली, थांबली, गेली. फोनवरचं नाव पुसलं गेलं.

काकांनी घड्याळ पाहिलं. “सहा मिनिटं,” ते म्हणाले. “आज एक मिनिट जास्त थांबला.”

बसच उशिरा आली होती. वायरमनने पिशवी उचलली आणि तो जिना उतरायला लागला.